पहिला तांब्या

२०१८ साल. चैत्र नुकताच लागला होता. ऊन अजून कोवळं होतं, आणि रेवणदऱ्यात अमृतरावांच्या घरामागच्या परसात चार बाया दोन लुगडी ताणून उभ्या होत्या. लुगड्यांच्या आत फळीवर अमृतरावांची सून करुणा निजवलेली होती. तिला आंघोळ घालायची होती. चुलीवर पाणी ऊन झालं होतं आणि तांब्या द्वारकाबाईच्या हातात होता.

बाई गेली की तिला बायांनीच न्हाऊ घालायचं, पुरुषांनी पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं, आणि पहिला तांब्या भावकीतल्या वडीलधाऱ्या सवाष्णीनं पायांवर घालायचा, ही त्या गावची रीत. द्वारकाबाईचा नवरा संतराम आणि अमृतराव हे चुलतभाऊ, म्हणून तिला बोलावणं आलं होतं. ती गावची पोलीस पाटीलही आहे, हे बोलावणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलं असलं तरी त्यांनी ते जमेस धरलं नसावं. अकरा वर्षं झाली तरी गावानं ते कधी जमेस धरलंच नव्हतं.

तिच्या नेमणुकीची कथाच तशी. जागा बायांसाठी राखीव झाली तेव्हा गावात दहावी पास झालेली, वयात बसणारी बाई शोधता शोधता एकच सापडली. औंढ्याची लेक, नागनाथाच्या देवळामागच्या शाळेत मॅट्रिक झालेली द्वारकाबाई. अमृतराव त्या वेळी स्वतः घरी आले आणि संतरामला म्हणाले, पाटीलकी भावकीतच राहील, वैनीच्या नावानं अर्ज टाक, काम तू कर. गावानंही तसंच धरलं. पहिलं वर्षभर लोक संतरामलाच पाटील म्हणत होते. पण ठाण्यातल्या पहिल्याच बैठकीला ही बाई डोक्यावर पदर घेऊन एकटी एसटीनं गेली, आणि संतराम बिचारा भला माणूस, तो म्हणाला, जा, मला त्यातलं काय कळतंय. तेव्हापासून भांडण, चोरी, विहिरीत पडलेलं जनावर, विजेनं गेलेला माणूस, जे होईल ते ठाण्याला कळवणं हे तिचं काम. ती ते करत आली होती. मानधन तुटपुंजं, मान त्याहून कमी, तरी करत आली होती.

तर तिनं पहिला तांब्या करुणाच्या पायांवर घातला. पोरगी तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. घरचे म्हणत होते, पहाटे छातीत कळ आली आणि गेली. सासू उशाशी बसली होती आणि करुणाच्या गळ्यापाशी तिचा पदर घट्ट धरून होती. द्वारकाबाई दुसरा तांब्या भरून वर सरकली आणि म्हणाली, हात काढा, पदर सोडवू द्या. सासू म्हणाली, राहू द्या, तसंच घाला वरून. असं कुठं असतं का? पदरावरून का कुणाला न्हाऊ घालतात? द्वारकाबाईनं तिचा हात हळूच बाजूला केला आणि पदर उलगडला.

तिनं जे पाहिलं ते तिथल्या सगळ्याच बायांनी पाहिलं. लुगडं धरलेल्या एकीचा हात खाली आला, तो दुसरीनं सावरला. गळ्याभोवतीची ती निळी रेघ कळ येऊन उमटत नाही, हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

द्वारकाबाईनं तांब्या जमिनीवर ठेवला. चुलीत जळणारं लाकूड बाहेर ओढलं. आणि पडद्याबाहेर येऊन, पाठ करून उभ्या असलेल्या पुरुषांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माहेरचं लुगडं आल्याबिगर पोरीला उचलायचं न्हाई."

अमृतराव तिरडीपाशी उभे होते. "निरोप धाडलाय वैनी," ते म्हणाले. "पर त्यायला यायला उशीर व्हईल. ऊन चढून राहिलं."

"चढू द्या. नवरा जित्ता असलेल्या लेकीला माहेरच्या लुगड्याबिगर वाटं लावलं, असं आपल्या भावकीत कधी झालं न्हाई. तुमच्या दारातनं काहून सुरू करता?"

गळ्याचं नाव तिनं काढलं नव्हतं. काढलं असतं तर तिला ढकलून पोरीला उचललं असतं आणि तासाभरात सगळं राख झालं असतं. पण रीतीचं नाव काढलं की चारचौघांत माणसाचे हात बांधले जातात. जमलेली म्हातारी माणसं बराबर आहे, बराबर आहे म्हणू लागली. कोण गेलंय माहेरी निरोप घेऊन, असंही कुणी विचारलं. तेव्हा कळलं की कुणीच गेलेलं नाही. द्वारकाबाईनं संतरामला मोटारसायकल देऊन नरसीला पिटाळलं आणि आपण गोठ्यामागे जाऊन ठाण्याला फोन लावला.

पोलीस आधी आले, माहेर नंतर. करुणाची आई आशाबाई नरसीत देवळाच्या वाटेवर बत्तासे-चुरमुऱ्यांचं दुकान मांडून बसणारी, विधवा बाई. ती कुणाच्या तरी जीपमधून हिरवं लुगडं मांडीवर घेऊन आली, तेव्हा लेकीला सरकारी गाडीत घालत होते. लेकीचं तोंड तिला लांबूनच दिसलं, कुणी जवळ जाऊ देईना. तिनं ते लुगडं गाडीत आत टाकलं आणि रस्त्यावर बसली.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, चला, एका बाईनं आपलं काम केलं, आता कायदा त्याचं काम करील. द्वारकाबाईलाही तसंच वाटलं होतं.

करुणाचा नवरा शिवशंकर आणि सासू दोघं पकडले गेले, महिन्याभरात जामिनावर सुटूनही आले. आणि त्यानंतर एका संध्याकाळी अमृतराव द्वारकाबाईच्या ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला. पावसाचं विचारलं. मग बशी खाली ठेवत म्हणाले, "वैनी, एक सांगा. पोरीला पानी कोन घातलं?"

"मी घातलं."

"चार बायांनी पाह्यलं ना?"

"पाह्यलं की."

"मंग झालं तर," ते म्हणाले आणि उठले. दारातून वळून मोठ्या मायेनं म्हणाले, "कायद्याचं मला लई कळत न्हाई. पर खुनाच्या मयताला पोलीस पाटलानंच धुऊन काढावं, हे काई बरं दिसत न्हाई बघा."

अमृतरावांचा अर्ज प्रांत कचेरीत गेला. लुगडी धरलेल्या चारही बायांचे जबाब झाले. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. द्वारकाबाईनं पाणी घातलं का? व्हय. कुणाच्या आधी घातलं? समद्यांच्या आधी. अंगठे उमटले. गळ्याचं त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं नाही ते सांगायचं नाही, ही शिकवण बायांना कुणी द्यावी लागत नाही. प्रांतसाहेबांनी नोटीस काढली, ती द्वारकाबाईच्या हाती पडेपर्यंत खुलाशाची मुदत टळून गेली होती. पाठोपाठ हुकूम आला. मृतदेहास स्नान घालून पुरावा नष्ट केला व कर्तव्यात कसूर केली, सबब पदावरून दूर करण्यात येत आहे. जिनं कळवलं तिनंच पुरावा धुतला. जिनं पदर बाजूला केला तिच्याच माथी ते पाणी. ज्यांनी तो पदर घट्ट गुंडाळला त्यांचा त्या कागदात नुसता उल्लेख होता, तक्रारदाराचे कुटुंबीय म्हणून.

संतराम म्हणाला, जाऊ दे, आपल्या पोटाला शेत आहे. ती म्हणाली, पोटाचं कोण बोलतंय.

वर साहेबाकडे अपील केलं, ते फेटाळलं. मग कुणी सांगितलं, आता न्यायाधिकरणात जा. हा शब्द गावात कुणी ऐकलेला नव्हता. डोंगरकड्याचा सादिकभाई मन्यार वर्षानुवर्षं रेवणदऱ्यात बांगड्या भरायला येई. त्याची पुतणी फरहीन दूरच्या मोठ्या शहरात वकिली करत होती, सरकारी नोकरांच्याच केसेस चालवत होती. बांगड्यांची पेटी बांधता बांधता तो म्हणाला, पाटलीनबाई, एकबार उसको मिलो, पैशाचं नंतर बघू.

फरहीन तिशीची, बारीक चणीची, भरभर बोलणारी मुलगी. तिच्या एका खोलीच्या ऑफिसात द्वारकाबाई खुर्चीच्या कडेवर बसली आणि आधी तिनं हेच विचारलं, की हे कोर्ट आहे का कचेरी?

"दोन्ही नाही आणि दोन्ही आहे, मावशी," फरहीन म्हणाली. मग तिनं समजावलं. कोर्टांवर भार फार, सरकारी माणसांच्या तक्रारी वर्षानुवर्षं पडून राहात. म्हणून सरकारनं त्यांच्यासाठी निराळं घर बांधलं. तिथं दोघं बसतात. एक कायद्यातले, जज राहिलेले, आणि एक सरकारात साहेब राहिलेले. लवकर निकाल लागावा म्हणून हे सगळं.

द्वारकाबाईनं विचार केला. "मंजी ज्या साहेबानं मला काढलं, त्याच्याच बिरादरीतला एक जन तिथं बसनार, आन् त्यो मला न्याय देनार?"

फरहीन हसली. "तसं म्हणा. पण साहेब राहिलेल्या माणसाला साहेबांच्या खोड्या पण माहीत असतात."

"असतील. सांगायची पाळी आली तर सांगतो का, ते बघू."

तिच्या लहानपणी औंढ्याला चावडीवर पंच बसत, ते तिला आठवत होतं. तिच्या आत्याला नवऱ्यानं टाकली, त्याचा निवाडा तिथं झाला होता. पाचही पंच नवऱ्याच्या घरी जेवून आलेले. आत्या चावडीच्या पायरीखाली उभी, तिला वर यायची मुभा नव्हती. निवाडा मात्र त्याच दिवशी झाला, हे खरं. अन्याय करायला वेळ लागत नाही, हे द्वारकाबाई तेव्हाच शिकली होती.

मग अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा दोघींचं अडलं. फरहीन म्हणाली, सरळ लिहू, पाणी घातलंच नाही. बाया त्यांच्या दबावाखाली बोलल्या. मयतावर पाणी पडल्याचं डॉक्टरांच्या अहवालात काही नाही. शाबीत कोण करणार?

"पर म्या घातलं."

"मावशी, तुम्ही घातलं हे कबूल केलं की त्यांचं अर्धं काम झालं."

"पोरी, इकडं बघ," द्वारकाबाई म्हणाली. "पायावर घातलं. गळ्यापाशी थेंब गेला न्हाई. आन् घालाय गेले म्हनून तर दिसलं. पडद्याच्या भाईर हुभी राह्यले असते, तर मी बी पाठ करून हुभी राह्यले असते त्या बाप्यांसारखी. पानी घातलं न्हाई म्हनले, तर मला दिसलं कसं, हे काय सांगू?"

फरहीननं लिहिलेलं पान फाडलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. या वेळी पहिल्याच वाक्यात पाणी होतं.

घाई कशाची होती, तेही सांगायला हवं. नोकरी परत हवी म्हणून ती घाई नव्हती. करुणाचा खटला जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहणार होता आणि त्यात पहिली साक्ष द्वारकाबाईचीच होती. सरकारी वकिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, बाई, तुमच्यावर हा डाग असेपर्यंत तुमच्या साक्षीला धार नाही. आधी तो धुऊन आणा. म्हणजे आधी न्यायाधिकरण, मग साक्ष. एवढाच क्रम जुळायला हवा होता. चार बाया बोलणार नव्हत्या, डॉक्टरांचा अहवाल गुळमुळीत होता. करुणासाठी बोलायला जगात ही एकटीच उरली होती.

क्रम जुळला नाही.

पहिल्या तारखेला सरकारी बाजू म्हणाली, उत्तर द्यायला मुदत हवी. दुसऱ्या तारखेला म्हणाली, कागद प्रांत कचेरीतून आले नाहीत. तिसऱ्या तारखेला दोनातली एक खुर्ची रिकामी होती. साहेबांची मुदत संपली होती, नवे नेमले गेले नव्हते, आणि एका खुर्चीवर तो विषय चालत नव्हता. द्वारकाबाई प्रत्येक वेळी अंधारात निघे, एसटी बदलत दुपारला पोचे, आपल्या नावाचा पुकारा ऐके आणि परत येई. पुढची तारीख फरहीन फोनवर कळवी. लवकर निकाल लागावा म्हणून बांधलेलं हे घर, असं त्या पोरीनं सांगितलं होतं. एकदा परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, कोण आजारी आहे का दवाखान्यात? द्वारकाबाई म्हणाली, "आजारीच समजा. खुर्ची आजारी हाय."

मग टाळेबंदी आली आणि सगळंच थांबलं. पण पुन्हा दारं उघडली तेव्हा आधी उघडलं ते जिल्ह्याचं कोर्ट. आरोपींनीच निकड लावली होती. त्यांना घाई का, हे समजायला फार डोकं लागत नाही.

साक्षीच्या दिवशी आशाबाई नरसीहून आली होती, मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. द्वारकाबाईनं सगळं सांगितलं. पदर, सासूचा हात, रेघ. मग आरोपींचे वकील उठले. त्यांनी त्या सकाळबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

"पुरावा नष्ट केल्याबद्दल तुम्हाला पदावरून काढून टाकलं, हे खरं आहे का?"

"काढलं हे खरं. पर त्यायनं—"

"हो किंवा नाही तेवढं सांगा."

"व्हय. पर न्यायाधिकरनात त्याचा—"

"त्याचा निकाल लागलाय का?"

"न्हाई."

"बस्स," वकील म्हणाले आणि खाली बसले.

त्या बस्सवर खटला संपला. निकाल लागायला आणखी काही महिने गेले, पण द्वारकाबाईला तो त्याच वेळी कळला होता. संशयाचा फायदा देऊन दोघंही सुटले. त्या दिवशी अमृतरावांच्या घरी फटाके वाजले. दिवाळीला अवकाश होता.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर आल्यावर द्वारकाबाईनं आशाबाईपुढे हात जोडले. आशाबाईनं ते हात धरले आणि म्हणाली, "बाई, तुमी लुगडं येऊस्तोर तरी थांबवलं तिला. नसता मला तोंड बी दिसलं नसतं." असं बोलू नका म्हणायचं द्वारकाबाईच्या मनात आलं, कारण एका आईनं एवढ्याशावर समाधान मानावं, याचाच तिला संताप आला होता. पण दोघी रसवंतीच्या सावलीला बसून राहिल्या.

आता न्यायाधिकरणात जायचंच कशाला, असं संतरामनं विचारलं. तिनं सांगितलं, आता माझ्यासाठी जाते.

खुर्ची भरली. सुनावणी लागली ती २०२२ सालच्या उन्हाळ्यात. सरकारच्या वकिलांनी पाण्याचाच मुद्दा लावून धरला. अर्जदार स्वतः कबूल करते की तिनं स्नान घातलं. आणखी काय शाबीत करायचं? फरहीननं अर्जातलं वाचून दाखवलं. जज राहिलेले डोळे मिटून ऐकत होते. दुसरे, साहेब राहिलेले, टक्कल पडलेले, जाड चष्म्याचे गृहस्थ, कागद मागेपुढे करत होते. त्यांनी अचानक विचारलं, "अर्जदार हजर आहेत का?"

तिथं सहसा कुणाला बोलावत नाहीत, सगळं कागदावर चालतं. द्वारकाबाई मागे भिंतीपाशी उभी राहिली. पुढे या, म्हणाले, तशी पुढे आली.

"बाई, तुमच्या आधी गावात पोलीस पाटील कोण होते?"

"माजे चुलतसासरे."

"किती वर्षं?"

"लई वर्सं. त्यायच्या आधी त्यायचे वडील."

"त्यांच्या काळात सासरी दगावलेल्या सुनेची खबर ठाण्याला गेल्याचं मला या कागदांत दिसत नाही. एकही नाही. तशी मयत कधी झालीच नाही का गावात?"

खोलीत पंखा फिरत होता. द्वारकाबाईला एकेक दिसू लागली. ती स्वतः लग्न होऊन आली त्याच साली गेलेली यशोदा, पोटात दुखून गेली म्हणाले. विहिरीत पाय घसरून पडलेली गंगासागर, पोहता येणारी पोर. स्टोव्ह भडकून गेलेली अमृतरावांचीच थोरली चुलती. तिच्या घरी म्हणे स्टोव्हच नव्हता. सगळ्यांना न्हाऊ घातलं होतं. सगळ्यांच्या वेळी पाटील बाहेर पाठ करून उभे होते, रीतीप्रमाणे.

"झाल्या की साहेब," ती म्हणाली. "पडद्याआड झाल्या. पाटील पडद्याच्या भाईर होते."

"आणि तुम्ही?"

"मी बाई हाय. मला आत बोलावलं. पानी घालायलाच बोलावलं."

त्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीकडे वळून हलक्या आवाजात काही बोलले. जज राहिलेल्यांनी डोळे उघडले. सरकारच्या वकिलांना आणखी काही सांगायचं आहे का म्हणून विचारलं, तर त्यांना नव्हतं.

निकाल आला तो आषाढात. फरहीननं फोन केला तेव्हा द्वारकाबाई शेतात हळदीला माती लावत होती. फरहीन वाचत गेली. हुकूम रद्द. अर्जदारानं पाणी घातलं नसतं तर हा मृत्यू उघडकीलाच आला नसता. तिनं कर्तव्यात कसूर केली नाही, उलट कर्तव्य केलं ते तिनंच. नोटिशीला उत्तर द्यायची संधीही न देता तिला काढणं हा अन्याय. मग फरहीनचा आवाज जरा अडखळला. "पण मावशी, तुम्हाला गेल्या महिन्यात साठ पूर्ण झाली. साठीनंतर ते पद राहत नाही. म्हणून पुन्हा हजर करून घ्या असं त्यांना म्हणता येत नाही."

"ते जाऊ दे. मंजी मी चुकले नव्हते?"

"नाही मावशी. कधीच नाही."

"असं लिहिलंय?"

"लिहिलंय."

द्वारकाबाई बांधावर बसली. "मंग हे करुनाच्या कोर्टाला कोन सांगनार?"

फरहीन वकील होती. तिच्याकडे पुष्कळ उत्तरं असत. त्या खटल्यावर सरकारनं अपील केलं नव्हतं, मुदत निघून गेली होती, उशीर माफ करून घ्यायलाही कुणीतरी उभं राहावं लागतं, हे सगळं तिला माहीत होतं. तिनं त्यातलं काहीच सांगितलं नाही. शेवटी द्वारकाबाईच म्हणाली, "जेवलीस का तू? जेवून घे."

त्यानंतरचं थोडक्यात सांगायचं तर असं आहे. शिवशंकरचं दुसरं लग्न खटल्यातून सुटल्याच्या वर्षीच झालं, मुलगी दूरच्या जिल्ह्यातली, गरिबाघरची. तिला आता एक मुलगा आहे. ती घराबाहेर फारशी दिसत नाही. तिची सासू, म्हणजे करुणाची सासू, अंथरुणाला खिळली आहे आणि ही दुसरीच तिचं सगळं करते. अमृतरावांचं काही वाईट झालं नाही. गावच्या कमानीवर देणगीदार म्हणून त्यांचं नाव कोरलेलं आहे, आणि लग्नकार्यात पहिला नारळ अजून त्यांच्याच हाती देतात. हुकूम काढणारे प्रांतसाहेब बढती मिळून कुठल्या तरी मोठ्या कचेरीत गेले. न्यायाधिकरणाचा निकाल त्यांनी वाचला असेल का, कोण जाणे. वाचायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. जाड चष्म्याचे ते गृहस्थ मुदत संपून उतरले, आणि ती खुर्ची पुन्हा काही काळ रिकामी राहिली. फरहीन तिथंच वकिली करते. अशिलानं खरं सांगितलं की ते लिहायला आता तिला भीती वाटत नाही, असं ती म्हणते. सादिकभाईला पायांचा त्रास सुरू झाला, त्याचं गावोगाव हिंडणं सुटलं. आशाबाई नरसीला त्याच वाटेवर बत्तासे विकत बसते. चार बायांपैकी दोघी द्वारकाबाईशी अजून बोलत नाहीत. एकीनं मात्र एकदा नळावर घागर भरता भरता, वर न बघता, म्हटलं, आमाला माफ करा पाटलीनबाई. तिला अजूनही पाटलीणबाईच म्हणतात. पोलीस पाटलाची जागा आता बायांसाठी राखीव राहिली नाही, ती दुसऱ्या कुणाला मिळाली, तो तरुण बाप्या आहे, कामाला बरा आहे.

संतराम दोन वर्षांमागं गेला. घरात द्वारकाबाई एकटी असते. मुलगा पुण्याला बोलावतो, ती जात नाही. न जाण्याचं कारण ती कुणाला सांगत नाही. ते कारण असं.

गावात लग्न लागून नवी सून आली की तिला पोचवायला तिची आई, मावशी, कुणी ना कुणी येतं. सत्यनारायण होतो, जेवणं होतात. परत निघायच्या आधी ती बाई, पाय मोकळे करून येते म्हणून, बाहेर पडते आणि पोरासोरांना विचारत विचारत गल्लीच्या टोकाशी द्वारकाबाईच्या घरी येते. कुठून कळतं यांना, कोणत्या बाजारात, कोणत्या एसटीत त्या पदराची गोष्ट फिरत असते, ते द्वारकाबाईला ठाऊक नाही. अमृतरावांच्या आळीला हे आवडत नाही, पण व्याहीणबाईला अडवणार कसं? ती दारात उभी राहते. काही तर नुसत्याच रडतात. द्वारकाबाई तिला आत घेते, पाणी देते, चहा टाकते. कशाला आलात म्हणून कधी विचारत नाही.

चहा होईपर्यंत तिच्याजवळ बसते आणि एवढंच विचारते, "पोरीचं नाव काय ठिवलंय?"

सासरी बदलून ठेवलेलं नाव बाई सांगू लागते.

"ते नव्हं," द्वारकाबाई म्हणते. "तुमी ठिवलेलं सांगा."